उन्हाळ्यात काढलेला वॉल्व्ह, हिवाळ्यात रुसलेला हीटर

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि थंडी

नागपुरात गाडीचा हीटर लागतो तो जेमतेम दोन महिने. उरलेले दहा महिने त्याची आठवणही कोणी काढत नाही. पण २०१८ च्या २९ डिसेंबरला इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत पहाटे ड्युटीवर निघणाऱ्यांना हीटर हवासा वाटतोच. या वेळी आलेल्या पत्रांमधल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ थंडीत नाही, एप्रिल-मेमध्ये केलेल्या जुगाडात आहे. म्हणून पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : माझी आठ वर्षांची डिझेल गाडी आहे. सकाळी सहाला मानेवाड्याहून बुटीबोरी एमआयडीसीत ड्युटीला निघतो. हीटरची कळ पूर्ण लालवर ठेवली तरी दहा-बारा किलोमीटर नुसता गार वारा येतो, पुढे कोमट. तापमानाचा काटा पावाच्या वर जात नाही आणि वर्धा रोडला गाडी पळवली की आणखी खाली येतो. मे महिन्यात गाडी हीट मारत होती तेव्हा मेकॅनिकने वॉल्व्ह काढून टाकला होता. आता तोच म्हणतो, ‘इंजिन गरमच नाही होऊन राहिलं, हीटर कॉइल बदला.’ बदलू का? (वाचक, मानेवाडा)

उत्तर : कॉइलला हात लावू नका. तुमच्या पत्रातच उत्तर आहे. काढून टाकलेला तो वॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट, आणि तो नसेल तर नवी कोरी कॉइल बसवूनही हीटर असाच वागेल.

गाडीचा हीटर स्वतः उष्णता तयार करत नाही. इंजिनात तापलेले कूलंट दोन पाइपांतून डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून, म्हणजेच हीटर कॉइलमधून, फिरते आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. कूलंट ५० अंशांचे असेल तर हवा कोमटच येणार. कूलंट लवकर तापावे म्हणून थर्मोस्टॅट असतो. त्याच्या पितळी कुपीत मेण भरलेले असते. ठरलेल्या तापमानाला मेण वितळून फुगते आणि स्प्रिंगविरुद्ध झडप उघडते. हे तापमान बहुतेक गाड्यांत ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान असते आणि वॉल्व्हवरच कोरलेले असते. तोवर कूलंट इंजिन आणि हीटर यांच्यातच घुटमळते, पुढच्या मोठ्या रेडिएटरकडे जात नाही.

वॉल्व्ह काढला की पहिल्या मिनिटापासून कूलंट रेडिएटरमधून फिरते. पहाटेचे ९-१० अंश, त्यात वर्धा रोडवर ७०-८० च्या वेगाने जाळीवर आदळणारा वारा; इंजिन जेवढे तापवते तेवढे रेडिएटर निववतो. म्हणून तर वेग वाढवला की काटा खाली येतो. ही खूण ध्यानात ठेवा : गर्दीत काटा वर चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर वॉल्व्ह नाही किंवा उघडा अडकलेला आहे. डिझेल इंजिन मुळात पेट्रोलपेक्षा कमी उष्णता वाया घालवते, त्यामुळे त्याला हा फटका जास्त बसतो. वॉल्व्ह ठीक असेल तर अशा थंडीत पेट्रोल गाडीचा हीटर चालत्या गाडीत पाच-सात मिनिटांत आणि डिझेलचा दहा-बारा मिनिटांत ऊब देऊ लागतो.

तुमचा वॉल्व्ह काढलेला आहे हे माहीतच आहे. ज्यांना माहीत नाही (जुनी गाडी घेतलेल्यांना सहसा नसतेच), त्यांनी अशी खात्री करावी. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करा आणि दर मिनिटाला रेडिएटरच्या वरच्या जाड होज पाइपला हात लावून पाहा. वॉल्व्ह चांगला असेल तर काटा मधोमध येईपर्यंत हा पाइप बराच थंड राहतो आणि मग थोड्या वेळात एकदम गरम होतो. काटा खाली असतानाच पाइप हळूहळू इंजिनाबरोबर तापत गेला, तर वॉल्व्ह नाही असे समजा. काही नव्या इंजिनांत वॉल्व्ह खालच्या पाइपाकडे असतो. तिथे खालचा पाइप तपासावा. गळ्यातला मफलर आधी काढून ठेवा, पंखा न सांगता फिरतो. गॅरेजमध्ये स्कॅनर असेल तर काम आणखी सोपे : कूलंटचे तापमान आकड्यांत दिसते, आणि पी०१२८ हा कोड आला असेल तर त्याचा अर्थच ‘कूलंट थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोहोचत नाही’ असा आहे.

नवा वॉल्व्ह घेताना त्यावरचा आकडा कंपनीने दिलेलाच असावा. ‘आपल्याकडे गरमी असते, कमी डिग्रीचा टाका’ हा दुकानातला सल्ला ऐकू नका. बसवण्याआधी दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात, बुडाला न टेकवता, लोंबकळत ठेवा आणि थर्मामीटर घालून पाणी तापवा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप हलू लागली पाहिजे आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पुरती उघडली पाहिजे. उकळत्या पाण्यातही न उघडणारा वॉल्व्ह नवा असला तरी परत करा. बसवताना त्याच्या कडेला बारीक छिद्र किंवा हलणारी पिन असेल ती वर ठेवायची, कारण हवा तिथून निघते. रबरी रिंग किंवा गॅस्केट नवीच लावायची. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे असते. घाईत उलटा बसवलेला वॉल्व्ह वेळेवर उघडत नाही आणि गाडी खरोखरच हीट मारते. मग पुन्हा दोष वॉल्व्हलाच जातो.

आता मे महिन्याचे. तुमची गाडी वॉल्व्हमुळे तापत होती असे मानायला फारसा आधार दिसत नाही. बंद अडकलेला वॉल्व्ह गाडी तापवतो हे खरे, पण मग तो बदलायचा असतो, काढून फेकायचा नसतो. काही इंजिनांत तर वॉल्व्ह उघडताना बायपासची वाट बंद करतो. अशा इंजिनातून तो काढला की निम्मे कूलंट रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनातच शिरते आणि भर उन्हात गाडी जास्त तापते. ४५ अंशांत तापणाऱ्या गाडीची खरी कारणे बहुधा ही : एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये साचलेली धूळ-किडे (बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, मधला थर दिसत नाही), दुसऱ्या वेगावर न जाणारा पंखा, क्षार बसलेल्या नळ्या, आणि सैल पडलेले रेडिएटरचे झाकण. झाकण ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू आहे. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. १ बार जादा दाबाखाली साधे पाणीही १२० अंशांना उकळते. झाकणाने दाब सोडला की तेच १०० ला उकळायला लागते.

वॉल्व्हशिवाय गाडी चालवण्याची किंमत फक्त गार पायांची नाही. इंजिन थंड आहे असे समजून संगणक जास्त इंधन सोडत राहतो आणि मायलेज पडते. न जळलेले डिझेल व पाण्याचा अंश ऑइलमध्ये उतरतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलईसारखा थर दिसत असेल तर तो यामुळेही असतो. बीएस-६ डिझेल असेल तर धुराचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करण्यासाठी इंजिन पुरेसे गरम असावे लागते. ते झाले नाही तर फिल्टर चोंदतो, आणि त्याचा खर्च ऐकून हीटरची तक्रार विसरायला होते. त्यामानाने वॉल्व्ह, गॅस्केट आणि कूलंट मिळून येणारा खर्च किरकोळच आहे. काम झाल्यावर ऑइल बदलायची वेळ जवळ आली असेल तर थोडे आधीच बदलून घ्या.

रेडिएटरपुढे पुठ्ठा लावण्याचा उपाय काही ड्रायव्हर मंडळी सांगतात. इथे तो नको. पहाटे १० अंश असले तरी दुपारी २८ होतात, आणि पुठ्ठा काढायचे नेमके तेव्हाच राहून जाते.

प्रश्न : कूलंट बदलल्यापासून हीटर विचित्र वागतो. गाडी चालत असताना गरम हवा, सिग्नलला थांबलो की गार. रेस दिली की पुन्हा गरम. सुरू करताना डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. (वाचक, धरमपेठ)

उत्तर : एअर लॉक. हीटर कॉइल बऱ्याच गाड्यांत उंचावर असते, म्हणून अडकलेली हवा तिथेच जाऊन बसते. रेस दिल्यावर वॉटर पंप जोराने ढकलतो तेव्हा कूलंट तिच्यातून वाट काढते. पंप मंदावला की थांबते. खळखळ त्याच हवेची.

हवा अशी काढा. इंजिन पूर्ण थंड असताना, गाडीचे तोंड चढावर करून उभी करा आणि हँडब्रेक लावा. रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण उघडा. हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर सगळ्यात कमी वेगावर. हीटरच्या पाइपवर किंवा थर्मोस्टॅटच्या घरावर हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि कूलंटची सलग धार लागेपर्यंत हळूहळू भरत राहा, मग आवळा. इंजिन सुरू करून होज पाइप हाताने दाबत-सोडत राहा. झाकणातून बुडबुडे येतील, पातळी उतरेल, तेवढे भरा. कूलंट तापून वर चढू लागले की झाकण लावून टाका, इंजिन १५०० ते २००० फेऱ्यांवर ठेवा आणि रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा. गाडी पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहा. ती किमान आणि कमाल रेषांच्या मध्ये हवी. गरम गाडीचे झाकण कधीही उघडू नका. दाब सुटताच उकळते कूलंट तोंडावर उडते.

एवढे करून आठवड्याने तेच झाले आणि पातळीही उतरली, तर प्रश्न हवेचा नसून गळतीचा आहे. डाव्या सीटच्या पायाशी गालिचा ओला, काचेवर तेलकट धुके आणि गोडसर वास असेल तर कॉइल गळते आहे. बाहेर कुठेच ओल नाही, पण टाकीत सतत बुडबुडे येतात आणि इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधले सील, तपासायला हवे. त्यात चालढकल नको. पातळी टिकते, हवाही नाही, तरी आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत रेस न देता, हीटर गार पडतो, तेव्हा वॉटर पंपाची पाती झिजली आहेत का ते पाहावे लागते.

प्रश्न : काटा व्यवस्थित मधोमध असतो, कूलंटही भरलेले आहे, तरी हीटरमधून नीट ऊब नाही. गाडीत आजवर बोअरचे पाणी भरत आलो. (वाचक, कळमेश्वर)

उत्तर : इंजिन तापते आहे, म्हणजे थर्मोस्टॅटवर संशय नको. बॉनेट उघडा. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतून दोन सारख्या जाडीचे पाइप आत जातात. इंजिन पुरते तापल्यावर दोन्हींना सांभाळून हात लावा.

एक चटका देणारा आणि दुसरा कोमट, तर कॉइल चोंदली आहे. बोअरच्या जड पाण्याने किटलीच्या बुडाशी जसा पांढरा थर चढतो तसाच कॉइलच्या बारीक नळ्यांत चढतो, त्यात गंजाची भर. दोन्ही चांगले गरम असतील तर कूलंट व्यवस्थित फिरते आहे आणि दोष हवेच्या वाटेत आहे : गरम-थंड हवा मिसळणारा फ्लॅप अडकलेला, त्याची मोटर किंवा केबल निकामी, नाहीतर केबिन फिल्टर धुळीने बुजलेला. केबिन फिल्टर आधी पाहा, तो बहुतेक गाड्यांत ग्लव्हबॉक्समागे असतो आणि पाच मिनिटांत हाती येतो.

दोन्ही पाइप गार असतील तर कूलंट कॉइलपर्यंत जातच नाही. इथे नागपुरी उन्हाळ्याचा आणखी एक प्रताप सापडतो. एसी जास्त थंड लागावा म्हणून काही ठिकाणी हीटरचे पाइप काढून, इंजिनाकडचाच एक तुकडा वळवून दोन्ही तोंडे जोडून टाकतात किंवा पाइपवर चिमटा मारतात. मार्चमध्ये केलेले डिसेंबरात कोणाला आठवत नाही. जुन्या गाड्यांत आणि जीपमध्ये केबलने फिरणारा हीटर कॉक असतो. दहा महिने निळ्यावर पडून तो जाम होतो. महिन्यातून एकदा कळ इकडून तिकडे फिरवली तरी पुरते.

चोंदलेल्या कॉइलला लगेच नवी नको, आधी उलटी धुवा. दोन्ही पाइप पत्र्याच्या भिंतीपाशी सोडा. ज्यातून कूलंट बाहेर येते त्या तोंडाला नळी लावून पाणी सोडा, म्हणजे गाळ आला त्याच वाटेने परत जाईल. दुसऱ्या तोंडाला पारदर्शक नळी लावून बादलीत सोडा आणि पाणी नितळ येईपर्यंत चालू ठेवा. गच्चीवरच्या टाकीचा दाब पुरेसा आहे. गाडी धुण्याचा प्रेशर पंप लावला तर कॉइलचे सांधे फुटतील, आणि कॉइल बदलायला बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. संडास साफ करायचे ॲसिड टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे नाही म्हणा. ते ॲल्युमिनियम खाते. रेडिएटर फ्लश म्हणून तयार मिळणारे द्रावण बाटलीवर लिहिलेल्या वेळेपुरतेच वापरा आणि नंतर भरपूर साध्या पाण्याने धुवा.

भरताना बोअरचे पाणी पुन्हा नको. छोट्या गाडीत साधारण ४ ते ६ लिटर कूलंट मावते. कॉन्सन्ट्रेट घेतले तर निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीच्या दुकानात मिळते तेच. प्रीमिक्स घेतले तर त्यात काहीच मिसळायचे नाही. हिरवे, लाल, निळे या रंगांवर विसंबू नका. मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकार बाटलीवर आहे का ते पाहा. ‘आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला?’ असे विचारणारे असतात. गंज आणि क्षार रोखण्याचे काम बारा महिने चालते, आणि कूलंटने उकळबिंदूही वाढतो. मे महिन्यात तेच उपयोगी पडते.

प्रश्न : पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवले. तेव्हापासून हीटर उशिरा गरम होतो, आणि सकाळी गाडी बराच वेळ पेट्रोलवरच चालते. दोन वेगळे दोष आहेत का? (वाचक, हिंगणा)

उत्तर : एकच असावा. दाब उतरताना गॅस अतिशय थंड होतो, म्हणून किटमधल्या दाब उतरवणाऱ्या रिड्युसरला गरम कूलंट द्यावे लागते आणि ते बहुधा हीटरच्या पाइपातूनच टी (तीन तोंडांचा जोड) लावून घेतलेले असते. कूलंट ठरलेल्या तापमानाला पोहोचेपर्यंत किट पेट्रोलवरच ठेवते. म्हणजे कूलंट उशिरा तापते आहे किंवा त्या फांदीत नीट फिरत नाही. क्रमाने पाहा : पातळी, किट बसवताना आत राहिलेली हवा, टीपाशी मुडपलेला पाइप, मग थर्मोस्टॅट. रिड्युसरला हात लावून पाहा. इंजिन गरम असताना तो गारठलेला असेल तर कूलंट तिथवर जात नाही. हे किटवाल्याकडूनच दुरुस्त करून घ्या, गॅसच्या नळीला स्वतः पाना लावू नका.

प्रश्न : पहाटे पेंचकडे जाताना हीटर लावला की काचा आतून धूसर होतात. (वाचक, कोराडी)

उत्तर : चार माणसांचा श्वास आणि आतलीच हवा फिरवणारे बटण, दोन्ही मिळून हे होते. गाडी लवकर उबदार व्हावी म्हणून पहिली पाच मिनिटे आतली हवा फिरवायला हरकत नाही, पण काच धूसर होऊ लागताच बाहेरची हवा घ्या, झोत काचेकडे वळवा आणि हीटर चालू ठेवूनच एसीचे बटण दाबा. एसी हवेतली ओल काढतो, हीटर तीच कोरडी हवा गरम करतो. थंडीत एसी कशाला, असे मनात येईल. लावून पाहा, मिनिटभरात काच स्वच्छ होते. काच आतून कोरड्या कपड्याने पुसलेली असली तर धुके मुळात कमी धरते.

प्रश्न : निघण्याआधी दहा मिनिटे गाडी पार्किंगमध्ये सुरू ठेवावी का? वडील तसेच करत. (वाचक, गोरेवाडा)

उत्तर : नको. आयडलवर इंजिन फार हळू तापते, डिझेल तर आणखीच हळू. अर्धा-एक मिनिट थांबा आणि निघा. पहिले तीन-चार किलोमीटर जोर न देता चालवा. ब्लोअर सुरुवातीला बंद किंवा एकवर ठेवा, काटा थोडा हलला की वाढवा. आधीच चारवर ठेवलात तर कॉइलमध्ये येणारी थोडीशी ऊब लगेच उडून जाते. शटर लावलेल्या पार्किंगमध्ये इंजिन सुरू ठेवणे तर धोक्याचेच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोप लागल्यासारखे वाटते. हायवेवर काचा बंद करून, इंजिन आणि हीटर चालू ठेवून गाडीत झोपण्याचेही तेच.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीत हीटरने रेंज किती कमी होते? (वाचक, मनीषनगर)

उत्तर : हिशेब सोपा आहे. तिथे इंजिनाची फुकट उष्णता नसते, हीटर बॅटरीवर चालतो. पण त्यामुळेच तो मिनिटा-दोन मिनिटांत गरम होतो. समजा तो सरासरी २ किलोवॉट घेतो आणि बॅटरी ३० युनिटची आहे. तासभर चालवला तर २ युनिट, म्हणजे साधारण ७ टक्के. घरी चार्जरला जोडलेली असतानाच गाडी गरम करून घेतली तर यातला बराच भाग घरच्या मीटरवर जातो. सीट हीटर असेल तर तो लावा, त्याला फार कमी वीज लागते.